गगनूनं सांडलेलं पाणी

तारीख बारा एप्रिल, वार रविवार. रक्कम दोनशे सत्तर रुपये. हजर: मी, आणि समोर बंद पडलेला टीव्ही.

डिशचा महिना भरला होता. निळ्या पडद्यावर रिचार्ज करा अशी पाटी आली आणि बाकी सगळं थांबलं. बायको, शैलजा, सध्या नांदेडला तिच्या आईजवळ आहे. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. फोनवर तिला रक्कम सांगितली तर म्हणाली, "त्याच्यात ते लेकरांचे चॅनल बी हायत न्हवं? काढून टाका की आता. घरात लेकरू कुठंय?"

हिशेबानं तिचं बरोबर होतं. मी लातूरच्या एका डाळमिलमध्ये हिशेब लिहितो. उपयोगात नसलेला खर्च छाटणं हेच माझं काम. आमची एकुलती एक लेक अक्षता, घरातली अक्कू, पुण्याला कॉलेजात शिकते आणि होस्टेलवर राहते. तरी मी "बघतो" म्हणून फोन ठेवला. कारण आदल्याच संध्याकाळी, टीव्ही चालू असताना, त्या लेकरांच्या चॅनलवर मी एक जाहिरात पाहिली होती. गगनू परत येतोय. नवा सीझन, मे महिन्यापासून.

अक्कूला तसं लिहून पाठवलं. तासाभरानं उत्तर आलं, "अय्या, अजून चालू आहे ते?" पुढं एक हसरं तोंड. त्याच्यापुढं काही नाही.

बाहेर ऊन तापलेलं. यंदाही आमच्या भागात नळाला दिवस मोजून पाणी येतंय. गच्चीवरच्या काळ्या टाक्या रिकाम्या झाल्या की उन्हात त्यांना एक वास सुटतो, तापलेल्या प्लास्टिकचा. लोक दुष्काळाची आठवण म्हणून भेगाळलेल्या जमिनीचं सांगतात. मी शहरात राहणारा माणूस, मी जमीन कितीशी पाहिली? माझ्या डोक्यात दुष्काळाला तो टाकीचा वास आहे. तो जिन्यातून खाली उतरला आणि मी बंद टीव्हीसमोर बसल्या बसल्या दुसऱ्याच उन्हाळ्यात गेलो.

गगनू हा कार्टूनमधला शाळकरी पोरगा. हातातलं तांब्याचं कडं फिरवलं की त्याच्यात शक्ती येते आणि तो उडतो. पहिल्या सीझनमध्ये त्याच्याकडे वाऱ्याची शक्ती होती. दुसऱ्यात कडं हरवतं, म्हणून सगळा सीझनभर तो नुसतं डोकं चालवतो. तिसऱ्यात कडं सापडतं आणि त्यातून पाण्याची शक्ती मिळते. त्याचा वैरी भट्टीलाल. पोटात पेटलेली भट्टी आणि कानांतून धूर. हे सगळं मला अक्कूनं शिकवलं. तोवर सीझन म्हटलं की मला तुरीचा सीझन तेवढा कळायचा. माल येतो, मिलमध्ये बोलणं ऐकू येत नाही इतकी धडधड होते, मग एक दिवस एकदम शांत होतं.

तिसरा सीझन लागला तो उन्हाळा, लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो.

अक्कू तेव्हा चौथीत होती. घरात पाणी वापरायची एक रीत बसून गेली होती आणि ती कुणी कुणाला शिकवली नव्हती. ताटात न जेवता पत्रावळीवर जेवायचं. भाजी धुतलेलं पाणी फरशीला. आंघोळ घमेल्यात उभं राहून करायची, अंगावरून गेलेलं पाणी घमेल्यात साठवायचं आणि बादलीत ओतून संडासाला ठेवायचं. आंघोळ झाल्याशिवाय आम्ही गळ्यातल्या लिंगाची पूजा करत नाही, म्हणून मी तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकायला शिकलो. पाहुणा आला की त्याला पाणी विचारताना शैलजाचा आवाज बारीक व्हायचा. पाहुणाही शहाणा असायचा. "आत्ताच पिऊन आलो," म्हणायचा.

टँकरच्या रांगेत मोठी माणसं थांबत नसत. ती सावलीत. रांगेत घागरी, आणि घागरी राखायला लेकरं. घागर पालथी घालायची, तिच्यावर बसायचं आणि गगनूवर बोलायचं. त्यांची मतं फार पक्की होती. आमच्या मिलमध्ये तुरीच्या भावावरसुद्धा मी इतकी पक्की मतं ऐकलेली नाहीत.

"दुसराच सीझन भारी होता," अक्कू म्हणायची. "त्याच्यात गगनू डोकं लावायचा. आता काय, हात वर केला की फुस्स पाणी!"

शेजारच्या मुजीबला तिसरा आवडायचा. "अरे लेकिन भट्टीलाल बुझता कैसा, देखी क्या तू? धुआँच धुआँ!"

"एका भट्टीलालला आख्खा टँकर लागतोय. बाबा, लागतोय ना?"

मी सावलीतून उठून तिथं आलो होतो. पडद्यावरची धार आठवली, तिची जाडी धरली, आणि खरं तेच सांगितलं. "एका टँकरात भागणार नाही."

"बघ! गेलं गल्लीचं पाणी!"

"झूटा पानी है वो. कार्टून का."

"मग खरं कुठंय? सांग."

मुजीब घागरीवरून उठला, रस्त्याच्या टोकापर्यंत गेला, डोळ्यांवर हात धरून पाहून आला आणि परत घागरीवर बसला. "नै आया अब्बी."

सगळी रांग हसली. सावलीतली माणसंही हसली. त्या दिवसापासून ते आमच्या गल्लीचं बोलणंच झालं. संध्याकाळी साडेसहाला गगनूनं हात वर केला की या घरातून त्या घरातून, उघड्या खिडक्यांतून लेकरं एकदम ओरडायची, "गेलं गल्लीचं पाणी!"

मिलमध्ये वजनकाट्यावर उदगीरचे बिराजदार बसत. त्यांचाही एक सीझन असायचा. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, एक मे, कुठलीही तारीख जवळ आली की उदगीरचा नवा जिल्हा जाहीर होणार अशी पक्की बातमी त्यांच्याकडे असे.

"आवंदा नक्की बघा."

"बिराजदार, जिल्ह्याला पाणी कुठून आणणार?"

"ते मागनं बघू. आधी जिल्हा. कलेक्टर आला की बाकीचं सगळं येतंय त्याच्या मागं मागं."

मी त्यांना मुजीबचं आणि अक्कूचं भांडण सांगितलं. ते गंभीरपणे म्हणाले, "पोरगी बरोबर हाय. पाणी हाय म्हणून सांडायचं का?"

परीक्षा संपली तसा शैलजाच्या भावाचा, शिवराजचा, नांदेडहून फोन आला. "दाजी, लेकराचे हाल कशाला करून राहिले? पाठवून द्या दोघींना. इथं दिवसाआड का व्हईना, नळ येतो." मलाही ते पटलं. माणसं कमी झाली की पाणी जास्त दिवस पुरतं, याला काही वेगळं गणित लागत नाही.

बसस्टँडवर अक्कू खिडकीत बसली होती. बस निघता निघता तिनं मला जवळ बोलावलं. "सीझन संपला की मी येणार. तवर तुम्ही रोज बघायचं आणि मला फोनवर सांगायचं."

"काय सांगायचं?"

"मत."

मी हसलो नाही. ती फार गंभीर होती.

मग सुरू झाली ती संध्याकाळ, जी मला अजून पुरती संपलेली वाटत नाही. मिलमधून यायचं, कुलूप काढायचं. रिकाम्या घरात कुलपाचा आवाज मोठा होतो. हात ओल्या फडक्यानं पुसायचे, शेवचुरमुऱ्याची पुडी फोडायची आणि चाळिशीतल्या माणसानं एकट्यानं बसून गगनू बघायचा. शेजारून लेकरांचा ओरडा आता बारीक झाला होता. एकेक घर मुंबई, पुणे, सोलापूर, जिथं कुणी नातेवाईक असेल तिथं लेकरं पाठवत होतं. मुजीबही आजोळी मुदखेडला गेला. एका संध्याकाळी गगनूनं हात वर केला आणि गल्लीत कुणीच ओरडलं नाही. मी वाट पाहिली. मग मीच म्हणालो, हळू आवाजात, "गेलं गल्लीचं पाणी." म्हटल्यावर स्वयंपाकघराकडे पाहिलं, सवयीनं.

सातला फोन वाजायचा.

"किती मार्क?"

"साडेपाच."

"साडे नसतं बाबा. पाच न्हाईतर सहा."

"पाच. काल भट्टी विझली होती ना? मग आज कोळसा कुणी घातला?"

"ते विचारायचं नसतं."

"बरं. त्या गगनूचे आईबाप कुठं असतात? पोरगा रात्री-बेरात्री उडतोय."

"असतात घरी. दाखवत न्हाईत."

मग ती तिकडचं सांगायची. पहिल्याच दिवशी ती मामाच्या न्हाणीत घमेलं घेऊन गेली आणि तिच्याहून मोठा मामेभाऊ ओंकार हसला. "म्हणतो, तू म्हैस हायस का, घमेल्यात बसतीस." तिचा राग मला फोनमधून दिसत होता. "मी म्हणलं, तुमचा गगनू बी पाणी सांडतो, तुम्ही बी सांडता. सारखेच हाय तुम्ही." त्या रात्री मी गच्चीवर झोपलो आणि मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. लेक दोन जिल्ह्यांच्या पलीकडे बसून माझ्या घराची बाजू मांडत होती. दोन नव्हे, एकाच. पण त्या उन्हाळ्यात अंतरं मोठी दिसत.

मे महिना सरत आला तसे फोन आखूड झाले. कधी साडेसातला येऊ लागले. कधी शैलजाच बोलायची, "खेळायला गेलीय खाली." मी त्या दिवशीचं मत उद्यासाठी राखून ठेवायचो. दोन दिवसांची मतं एकदम सांगायला गेलं की त्यांत राम राहत नाही, हे तेव्हा कळलं.

मग एका शनिवारी मी नांदेडला गेलो. बरोबर दोन किलो डाळ, आमच्याच मिलची. अहमदपूरला बस थांबली तेव्हा स्टँडवर माठापाशी भांडण चाललं होतं. मी न उतरता बसलो. नांदेडला पोचलो तर शिवराजच्या अंगणात सडा मारलेला. ओल्या मातीवर चपलेचा ठसा उमटला आणि मी एकदम पाय उचलला, कुणाच्या ताटावर पाय पडावा तसा.

अक्कू धावत आली. उन्हानं करपलेली गेली होती, ती उजळली होती. केस धुतलेले, मोकळे. संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसलो. ओंकार, त्याचे दोन मित्र, अक्कू आणि मागं खुर्चीवर मी. गगनूनं कडं फिरवलं, हात वर केला. मी अक्कूकडे बघून मोठ्यानं म्हणालो, "गेलं गल्लीचं पाणी!"

पोरं वळून माझ्याकडे पाहू लागली. ओंकारनं विचारलं, "काय गेलं?"

अक्कूनं मागं न बघता सांगितलं, "काही न्हाई. तिकडं असं म्हणत्यात." आणि मग, मला समजावल्यासारखं, "बाबा, पाण्याशिवाय फाईट कशी होईल? हाच सीझन बेस्ट हाय."

एका कार्टूनबद्दल एका दहा वर्षांच्या पोरीचं मत बदललं, एवढंच झालं होतं. मतं बदलतात. पण मला 'तिकडं' हा शब्द ऐकू येत राहिला. तिकडं म्हणजे आमचं घर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीत गेलो. कोपऱ्यात एक घमेलं होतं. शिवराजच्या घरात ते बहुधा कपड्यांसाठी असावं. माझ्या हातानं ते आपोआप ओढलं. त्यात उभा राहिलो, आंघोळ केली, आणि सवयीप्रमाणे ते गढूळ पाणी घेऊन दाराबाहेर आलो. हे कशात ओतू, असं विचारणार तोच समोर अक्कू. तिनं पडवीकडे पाहिलं. तिकडे ओंकार दात घासत उभा होता. मग तिनं माझ्या हातातून घमेलं घेतलं, आत गेली आणि सगळं पाणी मोरीत ओतून दिलं. वर नळ सोडून घमेलं विसळलं. परत येऊन हळूच म्हणाली, "बाबा, इथं असं करत न्हाईत. ते हसत्यात."

ती माझी लाज राखत होती. लातूरला तिनं असं पाणी ओतलं असतं तर मी रागावलो असतो, आणि तिलाही ते माहीत होतं. मोरीच्या जाळीतून पाणी जाताना शेवटी एक घोट घेतल्यासारखा आवाज येतो. तो मी मान पुसत ऐकला. मग चहा घेतला, शिवराजशी बोललो. तो म्हणाला, "दाजी, पाण्याचा भरवसा न्हाई. यंदा हितंच शाळेत घालू का तिला? ओंकारच्याच शाळेत." मी म्हणालो, "सीझन संपू दे." त्याला वाटलं मी तुरीचं बोलतोय.

सीझनचा शेवटचा भाग शाळा सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी होता. आभाळ भरून येत होतं आणि नुसतंच जात होतं. मी मिलमधून लवकर निघालो. त्या भागात गगनूनं आख्खी नदी उचलून भट्टीलालच्या नगरावर ओतली. रस्ते, दुकानं, घरं, सगळ्यांवर पाणी. धूर झाला, मग इंद्रधनुष्य निघालं. पडद्यावरची माणसं गच्च्यांवर नाचत होती.

सातला फोन वाजला. वेळेवर.

"दहापैकी दहा!" ती म्हणाली. "तुमचे?"

"चार."

"चार? का?"

"नदी उचलली तर खालच्या गावांना पाणी कुठून?"

ती खळखळून हसली. "तुम्ही लातूरवालेच राहिले!" मग हसणं थांबलं. मागं शैलजाचा आवाज आला, "विचार की." आणि अक्कूनं विचारलं, "बाबा, मी हितंच शाळेत जाऊ का?"

मी हिशेबाचा माणूस. नळ, शाळा, साठवलेल्या पाण्यावरचे डास, टँकर, सगळं एका बाजूला मांडून झालं होतं आणि सगळं नांदेडच्याच बाजूला पडत होतं. दुसऱ्या बाजूला फक्त साडेसहाची वेळ होती. तिला आकडा नाही. ये म्हटलं असतं तर ती आली असती. ठरलंच होतं तसं.

"जा," मी म्हणालो. "नीट अभ्यास कर."

"रागावले का?"

"नाही. चार मार्क जरा कमी दिले बहुतेक. पाच धर."

पंधरा दिवसांनी शैलजा एकटीच बसमधून उतरली. हातात एकच पिशवी. माहीत असूनही मी दोन माणसांची ओझी उचलायच्या तयारीनं गेलो होतो. आणि त्याच वर्षी पुढं पाऊस असा लागला की धरण भरून वाहिलं. गल्लीत गुडघाभर पाणी तुंबलं, मुजीब मुदखेडहून परत आला होता तो त्यात होड्या सोडत होता. त्यानं दारात येऊन विचारलं, "चाचा, अक्कू कब आएगी?" मी म्हणालो, दिवाळीला. दिवाळीला ती आली. न्हाणीतून घमेलं मी आधीच काढून ठेवलं होतं. चार दिवस राहिली, आणि जाताना तिनं, "आता सुट्टी लागली की येते बाबा," असं म्हटलं, पाहुण्यानं म्हणावं तसं. नांदेडला दहावी झाली, बारावी झाली, मग पुणं. तिचं सगळं चांगलं झालं. त्याबद्दल माझी कुठलीच तक्रार नाही, आणि कुणाची चूकही नाही.

बिराजदार निवृत्त होऊन उदगीरला गेले. अजून सणावाराला फोन करतात. "आवंदा नक्की." मी हो म्हणतो. जिल्हा व्हायला सरकारचा कागद लागतो, तारीख लागते. आमच्या घरातून एक नांदेड जिल्हा वेगळा निघाला, त्याला मात्र एक संध्याकाळ पुरली.

असो. सूर्य खाली गेल्यावर मी कुलूप लावून कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानात गेलो. दुकान आता आरती बघते, जुन्या दुकानदाराची मुलगी, अक्कूच्याच वयाची. तिनं माझा नंबर टाकला, पडद्यावर पाहिलं.

"काका, तुमच्या पॅकमधी लेकरांचे चॅनल हायत. काढू का? स्वस्त पडंल."

बायकोनं सांगितलं ते करायलाच मी आलो होतो. पण विचारलं, "गगनू त्यातच लागतो का?"

तिनं मान वर केली. "गगनू? तुम्ही बघता?"

"तिसरा सीझन पाहिला होता. सगळा."

"त्यो?" तिनं तोंड वाकडं केलं. "त्यो न्हाई आवडला आपल्याला. दुसरा भारी होता. तिसऱ्यात लई पाणी सांडायचा. आमची आई तर म्हणायची, आरते, घागर लाव गं त्या टीव्हीखाली!"

ती हसली. मीही हसलो, आणि मग हसू आवरेना, इतकं की तिनं खुर्ची पुढं सरकवली. मी बसलो नाही. जरा वेळानं विचारलं, "त्या उन्हाळ्यात तू कुठं होतीस?"

"हितंच की, काका," ती म्हणाली. "कुठं जाणार होते?"

"दहापैकी किती देशील त्याला?"

"तिसऱ्याला?" तिनं थोडा विचार केला. "साडेचार."

दोनशे सत्तर रुपये दिले, लेकरांच्या चॅनलांसकट. आरतीला, रोख.